नॅरोगेजचे रूळ निघाले, उरलेल्या पट्ट्याचे काय?

प्रश्न
विदर्भातील इतवारी (नागपूर)–नागभीड हा १०६ किलोमीटरचा नॅरोगेज (अरुंद रुळांचा) मार्ग ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) करण्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाला. नवा मार्ग जिथे जुने वळण सोडून सरळ जातो, तिथे मागे उरणाऱ्या पट्ट्याचा विचार नक्की कोण करते? उमरेडकडे आमच्या शेताला लागून असा एक तुकडा आहे. मोरीची दगडी कमान अजून शाबूत आहे. परंतु भरावावरची खडी ट्रॉलीने जात राहिली आणि गेल्या उन्हाळ्यात तिथे कुंपणाचे खांबही उभे राहिले.

उत्तर १ (रेल्वेतून निवृत्त)
वळणे सुटतात ती नाइलाजाने. नॅरोगेजला ४४ मीटर त्रिज्येचे वळण चालते, ब्रॉडगेजला किमान १७५ मीटर लागते. रूळ उचलले म्हणून जमिनीची मालकी जात नाही. मात्र हद्दीचे दगड जागेवर आहेत की नाहीत, हे गाडी धावत असताना जितक्या नेमाने पाहिले जाते तितके नंतर कोणी पाहत नाही.

उत्तर २ (नगररचना क्षेत्रातील)
खरी गाठ इथे आहे. जमीन केंद्राची, तर विकास आराखडा राज्याच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होतो; त्यामुळे नकाशावर ‘रेल्वे’ एवढे लिहून नियोजनकार पुढे सरकतो, आणि रस्ता, जलवाहिनी, वीजवाहिनी यांसाठी प्रत्येक खाते आपापल्या सोयीने पट्ट्याचा एकेक तुकडा मागते. पट्ट्याची किंमत त्याच्या सलगतेत असते. मध्ये शंभर मीटर गेले, तर उरलेले दहा किलोमीटर वाहतुकीच्या दृष्टीने निरुपयोगी होतात. अमेरिकेत १९८३ पासून अशा मार्गावर पायवाट किंवा सायकलवाट करता येते, पण रेल्वे पुन्हा आणण्याचा हक्क कायद्याने राखलेला असतो. आपल्याकडेही वाट करण्याआधी ही अट लिहून घ्यावी, नाहीतर उद्या तीच वाट वाचवण्यासाठी लोक रेल्वेला विरोध करतील.

उत्तर ३
प्रत्येक तुकडा राखण्यासारखा नसतो. आमच्याकडे मोरी बुजल्यामुळे भराव पावसाचे पाणी अडवतो आणि सोयाबीन सडते. दोन्ही टोके कुठेच जुळत नसतील, तर तो भराव काढलेलाच बरा.

प्रश्नकर्ता
आमच्या तुकड्याची दोन्ही टोके नव्या मार्गाला मिळतात. आधी मोजणीचा नकाशा काढतो, मग दगड शोधतो.