सार्वजनिक वाचनालयातील ग्रंथपालासाठी प्रशिक्षण आणि संपर्काच्या संधी : सल्ला हवा आहे

देवघेव_खिडकी (धागाकर्ती)
नमस्कार. मी तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या (शासन वाचनालयांचे 'अ' ते 'ड' असे वर्ग ठरवते) शासनमान्य वाचनालयात ग्रंथपाल आहे. जिल्हा ग्रंथालय संघाच्या वर्गाला बसून ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा दिली, त्यानंतर मात्र शिकण्याची वाट खुंटली. दाखल नोंदवही, देवघेव, तपासणीचे तक्ते हे सारे अंगवळणी पडले आहे. पण स्पर्धा परीक्षांची मुले दिवसभर अभ्यासिकेत बसतात आणि एखादा शासन निर्णय किंवा जुना अहवाल मागतात, तेव्हा त्यांना योग्य ठिकाणी कसे पोहोचवावे हे मला शिकवणारे कोणी नाही. आपल्याच कामातल्या माणसांशी मोकळेपणाने बोलणेही होत नाही. कार्यकारी मंडळाने यासाठी वर्षाला पाच हजार रुपये मंजूर केले आहेत. वाचनालयात माझ्याखेरीज एक शिपाईच असल्यामुळे सलग दोन दिवसांहून अधिक बाहेर राहता येत नाही. या मर्यादेत काय करावे, कृपया सुचवावे.

वर्गांक
आधी बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करा, बाकीचे मागाहून पाहता येईल. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, दोन्हीकडे नोकरी सांभाळून ही पदवी घेता येते. शुल्क आणि पुस्तके धरता खर्च पाच हजारांच्या पुढे जाईल, पण पदरचे घाला. वाचनालयाच्या दर्जावाढीचा विषय निघतो तेव्हा ग्रंथपालाची अर्हता पाहिली जाते. मी पदवी घेतली आणि मंडळाच्या बैठकीत माझ्या शब्दाला वजन आले.

जुना_सेवक
पदवीने वजन येते, वेतन येत नाही, हेही ताईंना सांगावे. आपले वेतन परिरक्षण अनुदानाला, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठी शासनाकडून मिळणाऱ्या रकमेला, बांधलेले आहे आणि ते अनुदान ठरते वाचनालयाच्या वर्गावरून. 1967 च्या अधिनियमाने सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्याचा आधार दिला, ही फार मोठी गोष्ट होती. पण त्या ग्रंथालयांत राबणाऱ्या माणसाच्या वेतनश्रेणीचा प्रश्न अजून लोंबकळतच आहे. माझे म्हणणे असे की पैसे वाचवा, संघाच्या अधिवेशनाला जा आणि तिथे हा प्रश्न उभे राहून मांडा.

वर्गांक
वेतनाचा प्रश्न खराच आहे, पण ताईंनी तो विचारलेला नाही. त्यांना शिकायचे आहे.

ग्रंथयात्रिक
जिल्ह्याच्या अधिवेशनात तीच तीच भाषणे होतात. 1933 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ग्रंथालय संघाचे सदस्य व्हा आणि त्यांच्या राष्ट्रीय परिषदेला जा. देशभरातले ग्रंथपाल भेटतात, शोधनिबंध ऐकायला मिळतात, नवीन यंत्रणा पाहता येतात. मी स्वखर्चाने जातो. केरळ आणि तमिळनाडूमधल्या सहकाऱ्यांशी झालेली ओळख आजही उपयोगी पडते. प्रवास धरून चार-पाच दिवस लागतात, तेवढी रजा मिळायलाच हवी.

पाऊलवाट
परिषद निवडताना जपून. एका संस्थेच्या 'राष्ट्रीय चर्चासत्रा'साठी मी शुल्क भरून गेले. उद्घाटनात सकाळ गेली, सत्कारात दुपार गेली आणि हाती पिशवी व प्रमाणपत्र आले. सार्वजनिक ग्रंथालयावर एकही सत्र नव्हते, सगळी चर्चा महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या मूल्यांकनाची होती. कार्यक्रमपत्रिका आधी मागून घ्यावी आणि आपल्या कामाचे एक तरी सत्र असेल तरच पैसे भरावेत.

कोहा_प्रेमी
संगणकीकरण शिकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कोहा ही ग्रंथालयाच्या कामाची मुक्त संगणक प्रणाली न्यूझीलंडमधल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठीच तयार झाली आणि 2000 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कोहाचे धडे विनामूल्य आहेत. रोज एक धडा पाहावा. आमचे वाचनालय पूर्णपणे कोहावर आहे.

नोंदपत्र
एकट्या ग्रंथपालाला कोहाचा सर्व्हर आणि लिनक्स सांभाळायला लावणे व्यवहार्य नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ग्रंथालय प्रणालीचा विचार आधी करावा.

कोहा_प्रेमी
सांभाळता येते, आम्ही सांभाळतोच आहोत. मराठी शोधही नीट चालतो.

नोंदपत्र
मराठी शोध चालतो, पण मूळ नोंदी युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर सारखीच ओळखली जाणारी अक्षरपद्धती) असतील तर. आमच्याकडे पूर्वी एका ठेकेदाराने जुन्या फॉन्टमध्ये हजारो नोंदी भरल्या होत्या. पडद्यावर शीर्षक मराठी दिसत असे, पण युनिकोडमध्ये टंकून शोधले की एकही पुस्तक सापडत नसे, कारण आत साठवलेली अक्षरे रोमन होती. त्या साऱ्या नोंदी रूपांतरित करून पुन्हा एकेक तपासाव्या लागल्या. प्रणाली कोणतीही घ्या, ताई, पण इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर युनिकोड टंकन आधी शिका. त्याला पैसे लागत नाहीत.

कृष्णाकाठ
प्रशिक्षणाच्या यादीत पुस्तकांच्या जतनाचे नाव कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. 2019 च्या महापुरात आमच्या वाचनालयाची खालची कपाटे पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर मदतीला आलेली मंडळी ओली पुस्तके उघडून उन्हात मांडू लागली. त्याच वेळी शेजारच्या तालुक्यातल्या ग्रंथपालांचा फोन आला आणि त्यांनी सगळे थांबवायला सांगितले. चिंब पुस्तक जबरीने उघडू नये, कारण पाने फाटतात. ते सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली उभे ठेवावे आणि थोडे सुकल्यावर पानांत कोरा कागद घालून तो बदलत राहावे. छापील वर्तमानपत्र घालू नये, शाई उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तके सर्वांत आधी घ्यावीत, ती सुकताना एकदा चिकटली की सुटत नाहीत. दोन दिवसांत बुरशी धरू लागते, त्यामुळे काय वाचवायचे याचा निर्णय लगेच करावा लागतो. त्या एका फोनमुळे आमचे जुने संदर्भग्रंथ आज वाचकांच्या हातात आहेत. ते गृहस्थ मला जिल्हा ग्रंथोत्सवात भेटले होते, एवढीच आमची ओळख. म्हणून माझा सल्ला असा की ग्रंथोत्सव चुकवू नका आणि तिथे पुस्तकांच्या दालनांइतकाच वेळ माणसांसाठी द्या.

पाऊलवाट
विनामूल्य असलेले आणखी एक. ओसीएलसी या अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेचे वेबजंक्शन हे संकेतस्थळ सार्वजनिक ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांसाठीच आहे आणि तिथले अभ्यासक्रम कोणालाही खुले आहेत. भाषा इंग्रजी आणि उदाहरणे अमेरिकेची आहेत, पण संदर्भप्रश्न कसा ऐकावा, वाचकाला नेमके काय हवे हे उलट प्रश्न विचारून कसे काढून घ्यावे, हा भाग आपल्याकडेही तसाच लागू पडतो. आपण अभ्यासिकेतल्या मुलांबद्दल लिहिले आहे, म्हणून इथून सुरुवात करावी असे वाटते.

संघ_कार्यकर्ता
कोलकात्याचे राजा राममोहन राय लायब्ररी फाउंडेशन पुस्तकांसाठी मदत देते हे सर्वांना माहीत असते, पण चर्चासत्रे, कार्यशाळा आणि प्रशिक्षणवर्ग भरवण्यासाठीही त्याची साहाय्य योजना आहे. प्रस्ताव संस्थेने करायचा असतो, व्यक्तीने नव्हे. आपण जिल्हा संघाला लेखी पत्र द्यावे की आम्हाला अमुक विषयावर कार्यशाळा हवी आहे. संघाकडे विषय ठरवून मागणी करणारे सदस्य फार थोडे असतात. बाकी बी.लिब. करावे, हे मीही सांगेन.

ग्रंथयात्रिक
राष्ट्रीय परिषदेचा अनुभव वेगळाच असतो, हे पुन्हा सांगतो.

देवघेव_खिडकी (धागाकर्ती)
सर्वांचे मनापासून आभार. पदवी, परिषद आणि प्रणाली या तिन्ही गोष्टी मी यंदा बाजूला ठेवल्या आहेत. युनिकोड टंकन आणि वेबजंक्शन घरी बसून होईल, त्यामुळे पाच हजार रुपये मी दुसऱ्या कामाला लावणार आहे. आमच्या तालुक्यातल्या बहुतेक 'क' आणि 'ड' वाचनालयांचे ग्रंथपाल मानधनावर काम करतात आणि तालुक्याला यायचे तर एसटीचे भाडे खिशातून भरतात. आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दर दोन महिन्यांनी, त्यांना आमच्याकडे बोलवायचे, भाडे आणि जेवण या रकमेतून द्यायचे आणि एकच विषय घेऊन दिवसभर प्रत्यक्ष काम करायचे, असे ठरवले आहे. मंडळाने आज संमती दिली.

पहिला विषय लेखकनामांचा घेतला आहे. एका वाचनालयात कवितासंग्रह कुसुमाग्रजांच्या नावावर आणि नाटके वि. वा. शिरवाडकरांच्या नावावर आहेत, दुसऱ्यात सगळे एकाच नावाखाली आहे आणि एकमेकांकडे पाहा अशी नोंद कुठेच नाही. ड्यूई वर्गीकरणातल्या 891.463 या वर्गांकाखाली (विषयाप्रमाणे दिलेला क्रमांक) मराठी कथा-कादंबऱ्यांची कपाटेच्या कपाटे आहेत आणि त्यांची पुढची मांडणी प्रत्येकाने आपापल्या रीतीने केली आहे. हे एकत्र बसून एकसारखे केले, तर एका वाचनालयात नसलेले पुस्तक दुसऱ्यात आहे का, हे फोनवर लगेच सांगता येईल. दुसरा विषय ओल्या पुस्तकांचा असेल. कृष्णाकाठ, त्या दिवशी आपण येऊ शकाल का?

कृष्णाकाठ
नक्की येईन. पावसाळ्याआधीचा दिवस धरा. खराब झालेली दोन-चार रद्दीतली पुस्तके बाजूला ठेवा, ती भिजवून प्रत्यक्ष करून पाहू.

वर्गांक
बैठकीचा उपक्रम चांगला आहे, पण पदवी पुढे ढकलू नका, असेच माझे मत आहे. लेखकनामांची यादी तयार झाली की इथे मात्र अवश्य द्यावी. आमच्या तालुक्यातही हाच गोंधळ आहे.