योजना आधी सांगितली की चोरी फसते: अंतराळातल्या दरोडापटांनी हा संकेत मोडावा का?

धूमकेतू
काल रात्री एक ॲनिमेटेड अंतराळपट पाहिला. शेवट फोडणार आहे, म्हणून नाव सांगत नाही. पाच चोर, एक अवकाशस्थानक, त्याच्या पोटात तिजोरी आणि तिजोरीत एक स्फटिक. सव्वा तास श्वास रोखून बसलो होतो. मग सगळे पकडले जातात, म्होरकी गालात हसते आणि कथा मागच्या प्रसंगात जाते: खरा स्फटिक त्यांच्या यंत्रमानवाने केव्हाच छातीतल्या खणात टाकलेला असतो. तो खण आम्हाला एकदाही दाखवलेला नाही!

संकेत सगळ्यांना पाठ आहे. योजना आधी सविस्तर सांगितली तर ती फसणार. टोळी नकाशावर वाकली आणि प्रसंग तिथेच तोडला, तर ती तडीस जाणार. यामागचं कारणही कळतं. जे सांगितलं तेच पुन्हा घडताना कोण बघेल?

पण साध्या बँकेवरच्या दरोड्यात बँक, पहारेकरी, जिना, रात्र हे सगळं प्रेक्षकाच्या ओळखीचं असतं. लपवलेल्या गोष्टीचा तो अंदाज तरी बांधू शकतो. अंतराळात हवा, वजन, दारं, कुलपं हे सगळं लेखकाने ठरवलेलं, आणि वर ते चितारलेलं. सगळे पत्ते स्वतःच छापायचे आणि शेवटी बाहीतून एक्का काढायचा, यात कसली आली हुशारी? माझं मत: असल्या चित्रपटाने योजना पूर्ण सांगावी आणि मग ती आपल्या डोळ्यांदेखत मोडावी.

उंटावरचा_शहाणा
साफ असहमत. सव्वा तास श्वास रोखून बसलो असं स्वतःच लिहिलंय, मग तक्रार कसली?

योजना सांगायची म्हणजे काय होतं ते आठवा. तो हवेत तरंगणारा निळा नकाशा. सगळे त्याच्याभोवती फिरतात, कोणीतरी त्यातून हात घालतो, एक जण "आणि तिसरा दरवाजा?" असं विचारतो. दहा मिनिटांचं व्याख्यान! शिवाय "सांगून मोडणे" हाही आता संकेतच झालाय. योजना बिनचूक दिसली की मी घड्याळाकडे बघायला लागतो, कितव्या मिनिटाला माती खाणार ते.

धूमकेतू
धक्का द्या ना, मी कुठे नको म्हणतोय? तो खण आधी एकदा उघडा, एवढंच. पाना काढायला उघडा हवं तर.

पेन्सिलवाली
स्टोरीबोर्ड (प्रसंगांची आधी चौकटी-चौकटींत काढलेली चित्रं) काढणं हेच माझं काम, त्यामुळे राहवत नाही. तुम्हाला "पाना काढायला उघडा" सोपं वाटतंय. ॲनिमेशनमध्ये तेच सगळ्यात अवघड.

पूर्वी सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर, काम चालायचं तेव्हा मागचं दृश्य वेगळं रंगवायचे, छटा-बिटा देऊन. हलणारी वस्तू त्या तावावर, सपाट रंगात. त्यामुळे शंभर दगडांच्या भिंतीतला जो दगड पुढे निखळणार, तो आधीपासून वेगळा दिसायचा. लहान मुलंसुद्धा बोट दाखवायची. आता संगणकामुळे ती खूण गेली, पण हिशेब तोच राहिला. खऱ्या चित्रीकरणात टेबलावर दहा वस्तू अशाच पडलेल्या असतात. आमच्याकडे प्रत्येक वस्तू कोणीतरी बसून घडवते. उगाच उघडणारा खण कोणी बनवत नाही आणि प्रेक्षकालाही ते आतून माहीत असतं. खण उघडला की त्याच्या डोक्यात नोंद झालीच.

म्हणून त्या वस्तूला दुसरं एखादं काम द्यावं लागतं. खण अडकतो, यंत्रमानव स्वतःच्याच छातीवर दोन बुक्के मारतो, खण उघडून झाकण त्याच्या हनुवटीवर आदळतं. हशा पिकतो. हसता हसता नोंद पुसली जाते. मात्र तो प्रसंग खरोखर विनोदी हवा. अर्धवट विनोद असला तर लगेच पितळ उघडं पडतं.

आणि ते "मागे जाऊन दाखवणं" फुकट होत नाही हो. वेगळ्या कोनातून तोच प्रसंग नव्याने उभा करावा लागतो. एकदा आमच्याकडे मूळ प्रसंगात पेटी डाव्या हातात होती आणि उलगड्यात उजव्या. महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही. ते दोन्ही बोर्ड मीच काढले होते.

सव्वाशेर
तुम्ही लपवण्यावर भांडताय. माझं दुखणं वेगळं आहे. या चोऱ्या पृथ्वीवरच्याच असतात, फक्त खिडकीबाहेर तारे चिकटवलेले.

'रिफिफी' हा फ्रेंच दरोडापट (१९५५) घ्या. जवळजवळ अर्धा तास चालणारी चोरी, त्यात ना संवाद ना संगीत. छताला भोक पाडायचंय, पण खाली मलबा पडून आवाज होता कामा नये. म्हणून छोट्या भोकातून छत्री खाली सोडतात, उघडतात आणि मलबा तिच्यात झेलतात. आता हेच वजनरहित स्थानकात करा. छत्री कुचकामी! खडे खाली पडतच नाहीत. ते दहा दिशांना तरंगत जातात आणि मिनिटाभराने एखादा पहारेकऱ्याच्या नाकासमोरून जातो. खरा ताण इथे आहे. तिजोरीचंही तेच. तिला वजन नसलं तरी वस्तुमान आहे. ढकलणं जमेल, थांबवताना बरगड्या मोडतील.

पाठलाग तर विचारूच नका. पुढच्या यानाला गाठायचं म्हणून सगळे वेग वाढवतात. १९६५ साली जेमिनी ४ या अमेरिकी यानात अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जाण्यासाठी नेमकं तेच केलं. टप्प्याच्या दिशेने जोर लावला तरी तो काही हाती लागेना. इंधन भराभर संपायला लागलं तेव्हा नाद सोडावा लागला. कक्षेत वेग वाढवला की तुम्ही वरच्या कक्षेत चढता आणि फेरीला जास्त वेळ लागतो. पुढच्याला गाठायचं तर आधी ब्रेक मारून खाली उतरायचं. चोर ब्रेक मारतोय, पोलीस खूश होतात आणि पुढच्याच फेरीत तो त्यांच्या पुढे! एवढा आयता डाव निसर्गाने दिलेला असताना छातीत खण कशाला?

उंटावरचा_शहाणा
सव्वाशेर, कार्टून आहे ते! तिथे माणूस कड्यावरून पुढे पळत जातो आणि खाली बघेपर्यंत पडत नाही.

सव्वाशेर
अहो, तोही नियमच झाला की! खाली बघितलं की पडणार. एकदा ठरलं ते ठरलं. उद्या तोच माणूस खाली बघूनही पडला नाही, तर तुम्हीच ओरडाल. नियम खोटा चालेल, पण पाळा.

धूमकेतू
सव्वाशेर यांनी मला हवं होतं ते नेमकं लिहिलं, म्हणून माझं वाक्य सुधारतो. योजना पूर्ण सांगायला नको, नियम सांगा. आणि तेही नकाशाभोवती उभं राहून नाही. सुरुवातीला एक भुरटी चोरी दाखवा, ती फसू द्या. खडे तरंगत जाऊन चोर पकडला गेला की मोठ्या चोरीच्या वेळी मी प्रत्येक खड्यावर डोळा ठेवून बसेन.

उंटावरचा_शहाणा
आणि विसाव्या मिनिटाला तुम्हाला सगळं कळलं असतं. मग आज धागा आला असता "शेवट आधीच ओळखला, पैसे वाया".

धूमकेतू
आला असता. जरा छोटा.

पेन्सिलवाली
एक विचारू? यंत्रमानव पहिल्यांदा येतो तो प्रसंग परत बघा आणि त्याची छाती नीट बघा. कारण खण पुढे उघडणार असेल तर त्याची आकृती सुरुवातीपासून तशीच बनवतात. मध्येच नवी छाती लावत नाहीत.

धूमकेतू
बघितलं. आठव्या मिनिटाला आहे. दोन बारीक रेघा आणि डाव्या कडेला चिमुकली बिजागरी. तेलाचा डाग असेल असं वाटलं होतं.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे दाखवलं होतं!

धूमकेतू
बिजागरी दाखवली. खण नाही.

उंटावरचा_शहाणा
बिजागरी काय शोभेला लावतात?

पेन्सिलवाली
कधीकधी लावतो.