मुंबईचा कोट सायकलवरून पाहताना

जुनी मुंबई पायीच पाहावी, मार्गदर्शकासोबतच्या सायकलफेरीत इमारती नुसत्या मागे पडत जातात, हे आपण मांडलेले मत मला अर्धेच पटते. ससून डॉकपासून गिरगावापर्यंत चालत जायचे म्हटले तर निम्मी सकाळ रस्त्यातच सरते आणि तटाच्या आतले मूळ शहर, म्हणजे कोट किंवा आजचा फोर्ट भाग, किती आटोपशीर होते, याचा अंदाज काही येत नाही. तो सायकलवर येतो. आमच्या मार्गदर्शकाने हुतात्मा चौकात थांबवून दाखवले, की १८६०च्या दशकात पाडलेल्या तटबंदीचा चर्चगेट हा दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागेपाशी होता. ज्या चर्चवरून त्याला हे नाव पडले, ते १७१८ सालचे सेंट थॉमस कॅथेड्रल तेथून हाकेच्या अंतरावर आहे. चर्चगेट स्थानकापाशी तसे चर्च का दिसत नाही, हे माझे लहानपणापासूनचे कोडे चार पायडल मारताच सुटले. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला राजाबाई टॉवर व उच्च न्यायालय, तर दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींची रांग, हा २०१८ साली जागतिक वारसा ठरलेला समोरासमोरचा देखावाही सायकलच्या संथ वेगातच नीट उलगडतो.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत मात्र आपले म्हणणे शंभर टक्के मान्य. त्या अरुंद गल्लीतल्या लाकडी सज्ज्यांच्या घरांत माणसे राहतात. तिथे घंटी वाजवत घुसणे अशोभनीय आहे, तेव्हा सायकली बाहेर लावून चालतच जावे. फेरी रविवारी पहाटेची घ्यावी. नऊनंतर भुलेश्वराकडे सायकल चालवता येत नाही, ढकलावी लागते.