शब्दचर्चा: बाणाचा ‘स्पाइन’ म्हणजे कणा, ताठपणा, झोळ की लव?

प्रश्न (शहादा)

आमच्याकडे पारंपरिक धनुर्विद्येचा सराव चालतो. बांबूचे बाण मुलं स्वतः तासून, शेकून तयार करतात. त्यांच्यासाठी मराठीत चार पानं लिहायला घेतली आणि ‘स्पाइन’ (बाण किती ताठ किंवा मऊ आहे ते) या पहिल्याच शब्दाला अडलो.

आजवर इंग्रजी शब्दावरच भागवत होतो, पण त्याने एकदा घोळ झाला. एका मुलाचे कार्बनचे बाण फार मऊ पडत होते. मी म्हटलं, ‘स्पाइन वाढव.’ त्याच्याकडे 500 चे होते, त्याने 600 चे आणले. चूक माझी. कार्बनची नळी 28 इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवून मधोमध 880 ग्रॅम वजन टांगतात. ती जेवढी खाली येते तो आकडा. 500 म्हणजे अर्धा इंच. म्हणजे आकडा मोठा तेवढा बाण मऊ. लाकडी बाणाचं उलट! तिथे टेकू 26 इंचांवर, वजन 2 पौंड, आणि जेवढे इंच काठी खाली आली त्याने 26 ला भागायचं. अर्धा इंच आली तर 52 पौंड. इथे आकडा मोठा तो ताठ. मग ‘वाढव’ म्हणजे नक्की काय वाढवायचं? ‘कणा’ हा शब्द चालेल का?

उत्तर (धुळे)

भाऊ, ‘कणा’ नको. पोराला ‘बाणाचा कणा बदल’ म्हटलं तर तो काठीच बदलेल. कणा ही वस्तू झाली, तुम्हाला हवा आहे गुण. त्याला ‘ताठपणा’ पुरेसा आहे, आणि ‘ताठपणा वाढव’ म्हटलं की कुणी 600 चे बाण आणणार नाही.

एक गंमत मात्र सांगतो. कण्याला संस्कृतात पृष्ठवंश म्हणतात, आणि वंश म्हणजे बांबू. ‘शर’ म्हणजे बाण, तसंच बोरूसारखं गवतही. ‘कांड’ म्हणजेही बाण, आणि उसाचं कांडं आपण रोज म्हणतो. बाणाची जुनी नावं अशी पेरापेरांतून आलेली आहेत. म्हणून शाफ्टला, म्हणजे बाणाच्या काठीला, ‘दंड’ वगैरे न लिहिता सरळ ‘कांडी’ लिहा.

उत्तर (चोपडा)

ताठपणा बरोबर, पण एका शब्दात काम होणार नाही. टेकूवर ठेवलेली कांडी आणि दोरीवरून सुटलेली कांडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोरी मागून ढकलते, टोक वजनामुळे मागे रेंगाळतं, म्हणून कांडी मध्ये वळते, कामठ्याला (धनुष्याला) वळसा घालून जाते आणि पुढे सरळ होते. कामठा मध्ये असूनही बाण निशाण्याकडेच जातो, या कोड्याला ‘आर्चर्स पॅराडॉक्स’ म्हणतात, आणि हे वळणं हेच त्याचं उत्तर; हे नाव रॉबर्ट एल्मर यांनी 1913 मध्ये दिलं.

या वळण्याला ‘वाकणे’ म्हणू नका. वाकलेला खिळा वाकलेलाच राहतो. लवलेली फांदी परत येते. काठी गावच्या होळीला उभा करतात त्या उंच बांबूचा शेंडा वाऱ्याने लवतो, वाकत नाही. अहिराणीतही ‘लवस’ म्हटलं की कळतं. बाण लवला पाहिजे. वाकला तर तो शेकून सरळ करावा लागतो.

आणि टेकूवरचं मोजमाप आहे त्याला आपला ‘झोळ’ आहेच की. खाटेला पडतो, कपड्याच्या दोरीला पडतो, तसा वजनाने कांडीला पडतो.

प्रश्नकर्ता (शहादा)

चोपड्याच्या भाऊंचं एकदम पटलं. माझी अर्धी पानं याच गोंधळात अडकली होती. सारख्या जाडीची लांब कांडी 30 इंचांवरून 28 वर आणली, तर 26 इंचांच्या टेकूंवर तिचा झोळ तेवढाच येतो. पण सुटताना ती कमी लवते. दोन्हीला ‘स्पाइन’ म्हटलं तर मूल विचारणारच, ‘सर, स्पाइन बदलला की नाही?’ आता वाक्यं अशी लिहून पाहिली:

‘टोक 100 ग्रेनवरून (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) 125 ग्रेनचं केलं, तर झोळ तोच, लव जास्त.’

‘कांडी 8 मिलिमीटरवरून साडेसात मिलिमीटरपर्यंत घासली, तर ताठपणा जवळजवळ पाव हिश्श्याने जातो, झोळ आणि लव दोन्ही वाढतात.’ (भरीव कांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. पोकळ बांबूचा हिशेब थोडा वेगळा, पण पॉलिश पेपर हातात घेण्याआधी मुलांना एवढं कळलं तरी पुष्कळ.)

‘पुढे अंजनाच्या लाकडाचा जोड दिला, तर तेवढा भाग ताठ होतो, पण अंजन जड, त्यामुळे पुढचं वजन वाढून बाकीची कांडी जास्त लवते.’

शेवटचं वाक्य इंग्रजी शब्दाने मला कधीच धड सांगता आलं नव्हतं. ‘फुटिंगने (अशा जोडाने) स्पाइन वाढतो’ म्हणावं तरी अर्धवट, ‘कमी होतो’ म्हणावं तरी अर्धवट.

फक्त ‘लव’ खटकतं. अंगावरची लवही तीच.

उत्तर (धुळे)

मग नाम टाळा. ‘लव जास्त’ ऐवजी ‘बाण जास्त लवतो’. मराठीला क्रियापद असताना नाम कशाला घडवायचं? आणि ‘वीक’ला ‘कमजोर’ लिहू नका. मुलाला वाटेल बाण खराब आहे. कमी जोराच्या कामठ्याला मऊ बाणच लागतो.

प्रश्नकर्ता (शहादा)

‘मऊ’ आणि ‘ताठ’ ठरलं. आजच मैदानावर वापरून पाहिलं. एका उजव्या हाताच्या मुलीचे बाण सारखे डावीकडे जात होते. तिला म्हटलं, ‘तुझा बाण ताठ आहे, तो लवत नाही, म्हणून कामठ्याला नीट वळसा न घालता डावीकडे जातो.’ तिने विचारलं, ‘शेपटाकडून थोडा निमुळता करू?’ आणि तासायला बसली.