जुनी लष्करी शिरस्त्राणं गोळा करायचीत, सुरुवात कुठून करू?

जालन्याचा_नाद: राम राम मंडळी. एक भंगारवाला लोखंडी टोप दाखवायलाय. वर टोक, पुढं नाकपट्टी, मागं कड्यांची झालर, पत्र्यावर नक्षी. "निजामाच्या फौजेतला" म्हणतो अन् पंचवीस हजार सांगायलाय. माझं बजेट तेवढंच. घेऊ का?

मांजराकाठ: थांबा जरा. आधी भिंग घेऊन झालरीच्या कड्या बघा. प्रत्येक कडीच्या जोडावर बारीक रिव्हेट असेल तर पुढं बोलू. टोकं नुसती जुळवलेली असतील तर ते लढाईतलं काम नव्हे. 19व्या शतकात नुसते मिरवायलाही असे टोप बनले, त्यामुळं तेवढ्यावर नकली म्हणता येणार नाही, पण किंमत निम्म्याच्या खाली आणा. नक्षी सोन्या-चांदीची तार ठोकून बसवलेली, म्हणजे कोफ्तगिरी, आहे का नुसती आम्लानं कोरलीय? नाकपट्टी वरखाली सरकायला हवी, सरकते का? देहरादूनकडं निर्यातीसाठी अशा नकला सर्रास बनतात, अन् गंज चढवायला कितीसा वेळ लागतो! केशरी, बोटाला लागणारा गंज दिसला की सरळ उठा.

बीडकर७१: पावती देणार का तो? शंभर वर्षांवरची वस्तू 1972च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते, तिचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे टोप तेवढा जुना असेल तर भंगारवाला अडचणीत, नसेल तर तुम्ही.

पोलादी_डोकं: माझं ऐका, पहिली खरेदी दुसऱ्या महायुद्धातल्या थाळीसारख्या ब्रिटिश हेल्मेटची करा. खिशात चुंबक ठेवा. ब्रिटनमधली लढाऊ हेल्मेटं मँगनीज पोलादाची, त्यांना चुंबक जवळपास धरतच नाही. धरलं तर कडेला छिद्रं आहेत का बघा. हलक्या प्रतीच्या पोलादाची हेल्मेटं ओळखू यावीत म्हणून तशी छिद्रं पाडत, ती नागरी संरक्षणवाल्यांना जात. आतलं अस्तर अन् हनुवटीचा पट्टा मूळचा असेल तर जास्त मोजायला हरकत नाही. अन् घरी आणल्यावर चिंच-लिंबानं घासू नका हो! जुना रंग गेला की निम्मी किंमत गेली.

जालन्याचा_नाद: उद्याच भिंग घेऊन जातो. खरा टोप जवळून कुठं बघायला मिळेल?

मांजराकाठ: हैदराबादचं सालारजंग संग्रहालय. जालन्याहून रात्रीची गाडी धरा. शस्त्रांच्या दालनात टोप, चिलखतं सगळं आहे. शुक्रवारी बंद असतं, तेवढं बघून निघा.