अर्थसी वाचतोय: ओगियन गुरू म्हणून चुकला का? (पहिल्या भागाचे स्पॉयलर आहेत)

डोंगरवाट:
नमस्कार मंडळी. सध्या भाच्याबरोबर उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचतोय. तो बारा वर्षांचा आहे, इंग्रजी बरं आहे त्याचं पण ही भाषा जरा जड जाते म्हणून मी मोठ्याने वाचतो आणि अडलं की मराठीत सांगतो. दोन प्रकरणं झाली आणि आमच्यात जोरदार वाद सुरू झालाय, म्हणून धागा काढला.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेड हा गॉन्ट बेटावरच्या ब्राँझचं काम करणाऱ्या कारागिराचा मुलगा, आई लहानपणीच गेलेली, शेळ्या राखतो आणि गावात जादूटोणा करणाऱ्या मावशीकडून थोडेफार मंत्र शिकतो. बारा वर्षांचा असताना कार्ग लोकांची धाड पडते तेव्हा हा पोरगा धुकं उभं करून अख्खं गाव वाचवतो. मग ओगियन नावाचा मोठा जादूगार येतो, त्याला खरं नाव देतो (या जगात प्रत्येक गोष्टीचं एक खरं नाव असतं आणि जादू त्या नावांवरच चालते) आणि शिष्य म्हणून घेऊन जातो. आता आपल्याला वाटतं की जादू शिकवेल, तर हा माणूस नुसता चालतो. रानातून फिरतो, झाडपाला ओळखायला लावतो, बोलत नाही, पाऊस आला तर झाडाखाली भिजत झोपतो. गेड विचारतो माझं शिक्षण सुरू कधी होणार, तर म्हणे झालंय की सुरू. मग हिवाळाभर लिपी शिकवतो, आणि वसंतात एक मुलगी गेडला डिवचते, तुला हे येतं का ते येतं का, आणि तो ओगियनच्या जुन्या ग्रंथात रूप बदलण्याचा मंत्र शोधायला जातो, समोर येतो मेलेल्यांना बोलावण्याचा मंत्र, आणि दाराशी ती काळी सावली येऊन बसते.

भाच्याचं म्हणणं सरळ आहे, सर काही शिकवतच नाहीत मग त्याने गुपचूप पुस्तक उघडलं तर चूक सरांची. मला हे पूर्ण पटत नाहीये पण खोडूनही काढता येत नाहीये. ज्यांनी पूर्ण वाचलंय त्यांना काय वाटतं? आणि पुढे बारा वर्षांच्या मुलाला झेपणार नाही असं काही आहे का तेही सांगा, मला आधी कळलेलं चालेल.

शाईचा_डाग:
माझं अतिशय आवडतं पुस्तक त्यामुळे लांब लिहिणार आहे.

ओगियन शिकवत नाही हे मला अजिबात मान्य नाही. तो पावसाचा प्रसंग परत वाचा. त्याच्या आधी लेखिका सांगते की ज्या मुलखात मांत्रिक जास्त झालेत तिथे पावसाचा ढग बिचारा इकडून तिकडे ढकलला जातो, एकाने आपल्या डोक्यावरून हाकलला की दुसरा पुढे हाकलतो, शेवटी समुद्रावर जातो तेव्हा कुठे त्याला निवांत पडता येतं. म्हणजे प्रत्येकाने आपापलं अंगण कोरडं ठेवलं आणि पावसाचं काय होतं याचा विचार कोणीच केला नाही. आणि हा ओगियन, ज्याने भूकंप थांबवला अशी ख्याती आहे, तो पाऊस पडू देतो आणि भिजतो. हाच तर पहिला धडा आहे! हाताशी ताकद असूनही ती का वापरायची नाही, तर आपण एक गोष्ट हलवली की दुसरीकडे काहीतरी हलतं म्हणून. गेडला त्या रात्री थंडी वाजत असते आणि त्याला एवढंच वाटतं की मग या ताकदीचा उपयोग काय.

आता पुढे रोक बेटावरच्या शाळेत हीच गोष्ट त्याला शब्दांत सांगितली जाते. मास्टर हँड नावाचे शिक्षक आहेत, ते नजरबंदी शिकवतात. गेड त्यांना विचारतो की खड्याचा हिरा दिसतो ते ठीक, पण तो खरंच हिरा कसा करायचा, आणि ते अगदी नीट समजावतात की खडा बदलायचा तर त्याचं खरं नाव बदलावं लागेल आणि त्याने सगळं जग तेवढं बदलेल, परिणाम माहीत असल्याशिवाय साधा वाळूचा कणही बदलू नये. इतकं स्पष्ट सांगूनही तो काय करतो? जॅस्पर नावाच्या बरोबरच्या विद्यार्थ्याने खिजवल्यावर रोकच्या टेकडीवर जाऊन तेच करतो जे ओगियनच्या घरात करणार होता, फक्त या वेळी पूर्ण करतो. सावली जिथून आली ती फट बंद करताना शाळेचे प्रमुख, म्हातारे आर्चमेज नेमर्ल जीव गमावतात. म्हणजे न बोलता शिकवलं तरी नाही समजलं, बोलून शिकवलं तरी नाही समजलं. दोन्ही वेळा त्याला कमी लेखलेलं सहन झालं नाही, मुळाशी तेच आहे. भाच्याला म्हणावं पुढचं वाचून झाल्यावर परत सांग कोणाची चूक.

फळा_खडू:
शाईचा_डाग, तुमचं पावसाचं निरीक्षण आवडलं पण निष्कर्षाशी असहमत. मी सातवीच्या वर्गाला शिकवते, म्हणजे गेडच्याच वयाची मुलं रोज समोर असतात, आणि मला त्या भाच्याचं म्हणणं बरंचसं बरोबर वाटतं.

ओगियनने काय केलं बघा. मुलगा प्रचंड ताकदवान आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहितीये, म्हणून तर तो स्वतः चालत त्या गावात आला. घरात धोकादायक ग्रंथ आहे. हिवाळाभर बसवून लिपी त्यानेच शिकवली, म्हणजे तो ग्रंथ वाचता येण्याची किल्ली त्यानेच हातात दिली. आणि या ग्रंथाला हात लावू नकोस, लावलास तर काय होईल, याबद्दल एक शब्द नाही. ताकदीभोवती धोका असतोच हे तो सांगतो कधी, तर सावली येऊन गेल्यावर! तेरा वर्षांच्या मुलाला कारण सांगितलं तर तो ऐकेलच असं नाही हे मला चांगलं ठाऊक आहे, पण न सांगता कळेल अशी अपेक्षा ठेवणं हे मोठ्यांच्या सोयीचं आहे. आणि त्या मुलाच्या बाजूने विचार करा ना, आई नाही, बाप मारकुटा, मावशीने जेवढा उपयोग होता तेवढं शिकवलं, आणि आता एकदाचा कोणीतरी मोठा माणूस भेटला तर तो बोलतच नाही. त्या मुलीने डिवचल्यावर मन मोकळं करायला त्याच्याकडे कोण होतं?

एक मात्र ओगियनच्या बाजूने म्हणेन. त्या रात्रीनंतर तो रागावत नाही आणि पोराला अडकवूनही ठेवत नाही. माझ्याकडे जे आहे ते तुला हवं असलेलं नाही, तुला रोकला जायचं असेल तर जा, असा पर्याय समोर ठेवतो, बरोबर पत्र देतो आणि त्यात लिहितो की हा गॉन्टचा सर्वांत मोठा जादूगार होईल. आपल्याकडचा चांगला विद्यार्थी स्वतःहून दुसऱ्याकडे पाठवायला मोठं मन लागतं.

झेपण्याबद्दल: टेकडीवरचा प्रसंग भीतीदायक आहे, सावली त्याचा चेहरा फाडते, आणि पुढे एका लहान मुलाचं आजारात मरण आहे. पण मुलांना खरं रडू येतं ते ओटॅकचं. गेडचा छोटा केसाळ प्राणी आहे, एकदा त्याचा जीव वाचवतो, आणि पुढे ऑस्किल बेटाच्या भागात मारला जातो. तो भाग रात्री झोपायच्या आधी वाचू नका, दिवसा वाचा आणि नंतर थोडा वेळ बरोबर बसा.

खर्जातला_सा:
गाणं शिकणाऱ्यांना हा वाद नवा नाही. भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून घरकाम करत शिकले हे आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि त्या गोष्टी आपण कौतुकानेच सांगतो, तेव्हा ओगियन आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो. पण फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या गोष्टीत शिष्याने सेवा करायची आणि गुरू प्रसन्न झाला की विद्या द्यायची असा हिशोब असतो. ओगियन काही मागतच नाही. तो गेडची परीक्षाही घेत नाहीये. तो जसा जगतो तसा जगतोय आणि पोराला शेजारी चालू देतोय. त्यामुळे 'सोस म्हणजे मिळेल' असा अर्थ भाच्याला सांगू नका, पुस्तकात तो नाहीच. फळा_खडू ताईंच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तो ग्रंथ कुलपात हवा होता.

जुनी_पेटी:
थोडी मागची माहिती देतो, वादाला उपयोगी पडेल. पुस्तक १९६८ चं, बर्कलीच्या पार्नासस प्रेस नावाच्या छोट्या प्रकाशनाने काढलं, चित्रं रूथ रॉबिन्स यांची. प्रकाशकाने ले ग्विनना किशोरांसाठी कादंबरी लिहाल का असं विचारलं होतं. जादूगार म्हटलं की पांढऱ्या दाढीचा म्हाताराच डोळ्यासमोर येतो, पण हे म्हातारे तरुण असताना काय होते, ही विद्या शिकले कुठे, या प्रश्नातून गेड आला असं त्यांनीच सांगितलंय. आज जादूची शाळा म्हटलं की कोणालाच नवल वाटत नाही पण त्या वेळी हा विचार ताजा होता. म्हणून ओगियन आणि रोकची शाळा समोरासमोर ठेवलेत असं मला वाटतं, एका बाजूला एक माणूस आणि रान, दुसऱ्या बाजूला नऊ मास्टर, अभ्यासक्रम, स्पर्धा. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर मोठे मानववंशशास्त्रज्ञ, आई थिओडोरा यांनी 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतल्या इशी या शेवटच्या माणसावर पुस्तक लिहिलं, तेव्हा माणसं एकमेकांना काय आणि कशी शिकवतात याची समज घरातूनच आलेली असणार.

ओगियनच्या बाजूचा पुरावा मात्र याच पुस्तकात पुढे आहे आणि तो कोणी दिला नाही म्हणून देतो. ऑस्किलहून गेड ससाण्याच्या रूपात उडत येतो, इतका वेळ पक्षी राहिलाय की माणूस असल्याचंच विसरत चाललाय, आणि येतो कुठे? रोकला नाही, ओगियनच्या हातावर. ओगियन त्याला ओळखतो आणि नाव घेऊन परत माणूस करतो, कारण ते नाव त्यानेच दिलेलं. आणि तेव्हा तो भरभरून बोलतो! पळू नकोस, मागे वळ, जे तुझ्या मागे लागलंय त्याच्या मागे तू लाग. कथेतला सगळ्यात उपयोगी सल्ला नऊ मास्टरांपैकी कोणी दिलेला नाही, या मुक्या माणसाने दिलाय. म्हणजे तो गप्प होता कारण ऐकणारा अजून तयार नव्हता, निदान मी तरी असं वाचतो.

शिवाय 'टेल्स फ्रॉम अर्थसी' (२००१) मध्ये 'द बोन्स ऑफ द अर्थ' नावाची कथा आहे, त्यात ओगियन स्वतः शिष्य आहे. त्याचा गुरू डल्स हा म्हातारा भूकंप थांबवायला डोंगराच्या आत जातो आणि डोंगरच होऊन जातो, आणि श्रेय सगळं ओगियनला मिळतं कारण लोकांना बंदरावर तोच दिसला. ती कथा वाचल्यावर ओगियन इतका कमी का बोलतो हे मला वेगळंच जाणवलं.

अवांतर पण भाच्याला नक्की सांगा: गेड तांबूस तपकिरी रंगाचा आहे, त्याचा जिवलग मित्र वेच काळा आहे, गोरे आहेत ते धाड घालणारे कार्ग. ले ग्विननी हे जाणूनबुजून केलं होतं आणि २००४ च्या टीव्ही मालिकेत गेड गोरा दाखवला तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून नाराजी व्यक्त केली. मुखपृष्ठांवरही वर्षानुवर्षं हेच होत होतं. आपल्या मुलांनी हा नायक आपल्यासारख्या रंगाचा डोळ्यासमोर आणावा, तो तसाच लिहिलाय.

शाईचा_डाग:
जुनी_पेटी +१. फळा_खडू, ग्रंथाबद्दल न सांगणं ही ओगियनची चूकच, ते मान्य, पण एक गोष्ट बघा. रोकच्या शाळेत आत जाताना द्वारपालाला स्वतःचं खरं नाव सांगावं लागतं, आणि शिक्षण संपल्यावर बाहेर पडताना त्या द्वारपालाचं नाव शोधून काढावं लागतं. इतकी विद्या शिकलेला गेड रात्रभर डोकं खाजवतो, कुठलाच मंत्र चालणार नाही हे कळतं, आणि सकाळी जाऊन साधं विचारतो, तुमचं नाव काय? आणि तो सांगतो. तीच परीक्षा असते. ओगियनच्या घरी त्या संध्याकाळी त्याने असंच विचारलं असतं तर ओगियनने उत्तर दिलं असतं याबद्दल मला शंका नाही. तो विचारलेल्या प्रश्नाला कधी टाळत नाही, फक्त स्वतःहून बोलत नाही.

फळा_खडू:
हे मात्र पटलं. पण विचारायला शिकवावं लागतं हो, विशेषतः ज्याला घरी विचारल्यावर मार मिळालाय त्याला. मी ओगियनला वाईट गुरू म्हणत नाहीये. पहिल्या वर्षी तो त्या मुलाला पुरेसा ओळखत नव्हता आणि ओळखायची घाईही केली नाही, एवढंच माझं म्हणणं.

डोंगरवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवले. तो फळा_खडू ताईंच्या बाजूने ठाम आहे पण ढगाची गोष्ट त्याने परत वाचायला लावली. ओटॅकबद्दल त्याला काही सांगितलं नाहीये. एकच शेवटचं विचारतो, हे संपलं की पुढचे भाग लगेच घ्यावेत का, की थांबावं?

जुनी_पेटी:
'द टूम्स ऑफ अतुआन' (१९७१) लगेच घ्या, फक्त त्याला आधी सांगून ठेवा की नायिका टेनार आहे आणि गेड बऱ्याच उशिरा येतो, नाहीतर कंटाळेल. बरीचशी गोष्ट अंधाऱ्या भुयारांमध्ये घडते आणि तीही लहानपणी उचलून नेलेल्या मुलीची, एका वेगळ्याच प्रकारच्या शिक्षणाची. 'द फार्देस्ट शोर' (१९७२) त्यानंतर, त्यात गेड स्वतः गुरूच्या जागी आहे आणि बरोबर तरुण राजपुत्र, तेव्हा हा वाद तिथे परत निघेल. 'तेहानू' (१९९०) मात्र अजून तीन-चार वर्षं ठेवून द्या, त्यात भाजलेल्या लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराचा विषय आहे, आधी तुम्ही एकट्याने वाचा.