मदत हवी आहे: ‘स्कॅम १९९२’मधली बीआरची (बँकर्स रिसीटची) साखळी समजावताना एक दुवा सुटतोय

वाणिज्य शाखेच्या मुलांना दलाल हर्षद मेहताच्या रोखे घोटाळ्यावरची ही मालिका दाखवून रेडी फॉरवर्ड व्यवहार शिकवायचा आहे. ढोबळ क्रम असा: बँक ‘अ’ला एसएलआर (ठेवींचा सरकारी रोखे वगैरेंत ठेवावाच लागणारा ठरावीक हिस्सा) भरायला रोखे हवेत, बँक ‘ब’ला रोकड. ‘ब’ रोखे विकते आणि ठरलेल्या तारखेला चढ्या भावाने परत घेते, म्हणजे खरं तर ते कर्जच. रोख्यांच्या जागी बँकर्स रिसीट, म्हणजे बीआर: ‘रोखे नंतर देऊ’ अशी विकणाऱ्या बँकेची पावती. एसजीएल फॉर्म (रिझर्व्ह बँकेतल्या रोखे खात्यावरचा हस्तांतराचा कागद) रिझर्व्ह बँकेत गेला की खात्यात रोखे शिल्लक नसल्यास परत यायचा. बीआरला अशी कुठलीच चाळणी नव्हती. म्हणून बँक ऑफ कराडसारख्या छोट्या बँकेची बीआरही चालून गेली, मागे रोखे नसताना.

इथवर मुलांना कळतं. अडतं ते चेकपाशी. चेक बँकेच्या नावाने निघायचा, तरी रक्कम दलालाच्या खात्यात जमा व्हायची. घोटाळ्याचं खरं इंजिन हेच, पण पडद्यावर ते शेअरबाजाराच्या गोंगाटात हरवतं. (एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव ९,००० रुपयांच्या घरात गेलेला सगळ्यांना आठवतो!)

१९९०-९२ मध्ये बँकेच्या रोखे विभागात काम केलेल्यांनी कृपया सांगावं:
चेकसोबत दलालाचं पत्र जोडलेलं असे, की तोंडी सूचनेवर भागायचं?
बीआरवर सह्या किती, आणि कोरी पुस्तकं कोणाच्या ताब्यात?
रोखे हाती आल्यावर जुनी बीआर रद्द कशी करत?

या घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीच्या अहवालातला नेमका परिच्छेद सुचवलात तरी काम होईल. हर्षद मेहता दोषी की बळीचा बकरा, हा वाद इथे नको.